पडसेभावजी बोलेनात

वीज आली तेव्हा जुळारी टेबलापाशीच बसून होता. पंखा फिरायला लागला, फ्रिजने खाकरून घसा साफ केला आणि टेबलाखालच्या कॉम्प्युटरने 'टुंई' केलं. एकदाच. एकदाच म्हणजे बरं असतं. जुळाऱ्याने मनात आकडे मोजायला घेतले. पन्नासपर्यंत मोजलं की पडसेभावजी बोलायचे.

पडसेभावजी म्हणजे कॉम्प्युटरमधला आवाज, पडद्यावर लिहिलेलं वाचून दाखवणारा. बारा महिने सर्दी असल्यासारखा नाकात बोलायचा, म्हणून बायकोने त्याचं हे नाव ठेवलं होतं. "तुमच्या भावजींना जरा हळू बोलायला सांगा, दूध उतू जाईल," असं ती स्वयंपाकघरातून म्हणायची. पण हे भावजी नसले तर जुळाऱ्याच्या लेखी तो कॉम्प्युटर म्हणजे गरम हवा सोडणारा पत्र्याचा डबा.

पन्नास झाले. शंभर झाले. दोनशेवर त्याने मोजणं सोडून दिलं.

रस्ता खणताना कुणीतरी केबल तोडली होती, त्यामुळे आदल्या दुपारपासून वीज नव्हती. टेबलाखालची बॅटरी पंधरा मिनिटं कोकलली आणि मेली. एरवी हा कॉम्प्युटर या घरात बंद म्हणून व्हायचा नाही. महिनोन् महिने चालू. आज आठ महिन्यांनी तो पहिल्यांदा झोपेतून उठत होता, आणि उठून मुका बसला होता.

जुळाऱ्याला जुळारी म्हणायचे, कारण बावीस वर्षं त्याने एका छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवले. मराठी जुळवले, इंग्रजी जुळवले. चाळिशी उलटली आणि दीड वर्षात दोन्ही डोळे गेले. लोकांनी हळहळ व्यक्त केली. हळहळीचा एक गुण आहे, करणाऱ्याला फार बरं वाटतं. हळहळून झाल्यावर लोक आपापल्या घरी गेले. जुळारी ब्रेल शिकला. मग कॉम्प्युटर शिकला, तोही लिनक्सवाला, कारण त्याचं पोट उघडून आत हात घालायला कुणाची परवानगी लागत नाही. शिकवायला कोणी नव्हतं. चुकत, शिव्या घालत, पुन्हा पहिल्यापासून मांडत शिकला. आता तो न दिसणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं ब्रेलमध्ये उतरवायचा आणि घरातल्याच यंत्रावर जाड कागदावर ठिपके उठवून द्यायचा.

आत्ता त्या मुक्या डब्याच्या पोटात मज्जातंतूंची तीन प्रकरणं होती. ती ज्या मुलीसाठी होती तिला जुळारी 'डॉक्टरीणबाई' म्हणायचा. ती फिजिओथेरपी शिकत होती, जन्मापासून न दिसणारी. वर्गातल्या बाकीच्यांकडे रंगीत चित्रांची पुस्तकं होती, हिच्याकडे जुळारी होता. कुठली नस कुठून निघते, कुठे वळते, कुठे हाडाला चाटून जाते, हे चित्रांतून काढून शब्दांत बसवायला त्याला दोन महिने लागले होते. बारा दिवसांवर परीक्षा. पार्सल पोचायला चार दिवस. म्हणजे गुरुवारच्या टपालात ते पडायलाच हवं होतं. आज मंगळवार.

चालतं यंत्र उगाच मरत नाही, कुणीतरी काहीतरी केलेलं असतं, असा छापखान्यातला जुना नियम. जुळाऱ्याने पहिला संशय स्वतःवर घेतला. तीन आठवड्यांपूर्वी त्याने सगळे अपडेट घेतले होते. त्यात लिनक्सचा गाभाही बदलतो. तो ठेवायचा कप्पा इवलासा असतो. भरलेला असला तर गाभा अर्धवट उतरतो, आणि चालू कॉम्प्युटरला त्याचा पत्ताही लागत नाही. तो आपला जुन्या गाभ्यावर मजेत चालत राहतो. बंद करून उठवला की मग कळतं. विष तीन आठवड्यांपूर्वी घेतलेलं, मरण आज.

दुसरा संशय आतल्या रुपयाएवढ्या बॅटरीवर. ती संपली की कॉम्प्युटर तारीख-वार विसरतो, कधीकधी कुठल्या डिस्कवरून उठायचं तेही विसरतो. तिसरा संशय मुख्य डिस्कवर. त्याने डब्याच्या पत्र्याला कान लावला. मरणारी डिस्क टिकटिकते. ही नीट गुणगुणत होती. मग त्याने बायकोला हाक मारून कीबोर्डवरची एक कळ दाबली आणि विचारलं, वरचा बारका दिवा लागतो का. लागतो, म्हणाली. पुन्हा दाबली. विझला, म्हणाली. म्हणजे कॉम्प्युटर गोठलेला नव्हता. जिवंत होता, नुसता अडून बसला होता.

"पडद्यावर काही दिसतंय?"

"दिसतंय की. इंग्रजी. भरपूर."

"काय लिहिलंय?"

"ते मला वाचता आलं असतं तर तुमच्याशी लग्न कशाला केलं असतं," ती म्हणाली, आणि हात पुसत पुन्हा ओट्याकडे गेली.

दुपारी दुकानवाला आला. दुकानवाला म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. तरुण होता, बुटाने चटचट चालणारा, आणि आल्यापासून एक शब्द जुळाऱ्याशी बोलला नाही. जे विचारायचं ते बायकोला विचारत होता. काकांनी काही दाबलं का, काकांना कधीपासून जमत नाहीये, काकांना हे असलं कुणी घालून दिलं. जणू काका म्हणजे कोपऱ्यात ठेवलेलं गाठोडं. डोळे गेले की कानही जातात आणि अक्कलही जाते, अशी या जगाची पक्की समजूत आहे. ती कुणाच्या बापाने कितीही समजावलं तरी जात नाही.

बायको म्हणाली, "त्यांनाच विचारा. घरात कॉम्प्युटर त्यांना कळतो, मला नाही."

मग दुकानवाल्याने आवाज चढवून, बहिऱ्याशी बोलावं तसं सांगितलं की लिनक्स असंच असतं, कधी काय होईल सांगता येत नाही, आपण हे सगळं पुसून टाकू आणि सगळं जग वापरतं ते टाकून देऊ. पडद्यावर काय लिहून आलंय, असं जुळाऱ्याने दोनदा विचारलं. काळ्यावर पांढरं काहीतरी आहे, एरर आहे, असं उत्तर मिळालं. एरर आहे हे जुळाऱ्यालाही कळत होतं. त्यासाठी डोळे लागत नव्हते.

त्याला त्या माणसाला दार दाखवावंसं वाटलं. पण त्याच वेळी मनात गुरुवार वाजत होता. दुसरी डिस्क होती ना. टेबलाच्या मागच्या फळीवर एक वेगळी डिस्क त्याने तीन वर्षांपूर्वी जोडली होती, 'कोठार' नावाची. रोज रात्री दोन वाजता सगळ्या कामाची नक्कल आपोआप तिच्यात जाऊन पडायची. कोठार शाबूत असलं तर कॉम्प्युटर पुसला तरी काम शाबूत. सगळं पुन्हा बसवण्यात गुरुवार हातचा जाणार, पण तीन प्रकरणं वाचणार.

"उद्या दहाला या," तो म्हणाला. "पुसा. माझ्याकडे नक्कल आहे."

स्वयंपाकघरात भांडी लावली जात होती. तो आवाज त्या क्षणी थांबला. जुळाऱ्याच्या कानाने तो थांबलेला टिपला, पण मनाने सोडून दिला.

संध्याकाळी त्याने डॉक्टरीणबाईला फोन केला. घसा साफ करून सांगितलं की बाई, कॉम्प्युटर बसलाय, गुरुवारचं काही खरं नाही. तिने चिडावं, रडावं, निदान कटकट करावी, अशी त्याची तयारी होती. ती फक्त "बरं, काका" म्हणाली. नंतर म्हणाली की मैत्रिणीकडून वाचून घेईन जमेल तेवढं, तुम्ही त्रास नका करून घेऊ. फार मऊ आवाजात. हा मऊपणा त्याला चांगला ओळखीचा होता. आयुष्यभर ज्याला शेवटच्या क्षणी 'जमणार नाही' ऐकायची सवय लागते, त्याचा आवाज असा मऊ होतो. जुळाऱ्याने फोन ठेवला आणि बराच वेळ टेबलाची कड अंगठ्याने घासत बसला.

बायको येऊन शेजारी उभी राहिली. "मी वाचून दाखवते," ती म्हणाली.

"काय?"

"ते पडद्यावरचं. वाचता येत नाही, पण दिसतं तर खरं. कसं दिसतं ते सांगते. तुम्ही लावा."

जुळारी हसणार होता. हसला नाही. तिच्या आवाजात काहीतरी घाई होती. तिने स्टूल ओढलं आणि पडद्याला नाक लावलं. डाव्या बाजूला सगळीकडे हिरवी अक्षरं आहेत म्हणाली, एक गोल आणि एक काठीला टेकलेला बाण. ओ आणि के, ओके, जुळारी म्हणाला, म्हणजे ठीक आहे, ते सोड, हिरवं सोडून काही आहे? आहे, एका ओळीला लाल आहे. खाली दोन ओळींना पिवळं.

"लालची ओळ सांग."

"खांब, वर आडवी दांडी."

"टी."

"काठी, डोक्यावर टिकली."

"आय. पुढे."

"दोन कमानी, शेजारी शेजारी." मग ती अडली. पुढचं अक्षर तिला सांगता येईना. वाकडं आहे म्हणाली, पोटात रेघ आहे, शेपूट आत वळलंय. दोनदा सांगून झालं, तरी त्याला कळेना. शेवटी तिने वैतागून त्याचा हात ओढला, तळवा उलगडला आणि बोटाने अक्षर काढलं.

"ई," जुळारी म्हणाला.

"मी समोर बसलेय. तुम्हाला उलटं येतंय का? तिकडे येऊन बसू?"

"बस तिथेच. उलटी अक्षरं वाचण्यातच हयात गेली माझी."

खरंच गेली होती. खिळा उलटा असतो, ओळ उलटी लावायची असते, आणि जुळारी ती उलटीच वाचतो. बावीस वर्षांत बोटांनी शिशाला जे विचारलं होतं, ते आज तळहात तिच्या बोटाला विचारत होता. बोट भांडी घासून खरखरीत झालेलं, लसणाचा वास असलेलं. ती एक अक्षर काढायची, थांबायची, तो नाव सांगायचा, ती "हं" म्हणायची. चुकलं तर तळहात पुसल्यासारखं करून पुन्हा काढायची, जणू पाटीच होती ती. मध्येच त्याला गुदगुल्या झाल्या. तिने हातावर चापट मारली आणि म्हणाली, सरळ बसा. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, आणि तिला एकही इंग्रजी अक्षर येत नाही याचं दोघांनाही आजवर कधी काही वाटलं नव्हतं. अर्ध्या तासाने, पडद्यावर ई आली की ती न विचारता 'ई' म्हणायला लागली होती.

लाल ओळीचे पहिले चार शब्द लागले तसा जुळारी पुढे सरकून बसला.

"कुणाची तरी वाट पाहतोय म्हणतोय," तो म्हणाला. "वाट पाहून वेळ संपला. ज्याची वाट पाहिली ते आलंच नाही. पुढे काय आहे?"

पुढे आकड्यांची गिचमीड होती. ती त्याने सोडायला लावली. पिवळी ओळ घ्यायला सांगितली. तिच्या शेवटी एक तिरपी रेघ आणि सहा अक्षरं होती.

के. ओ. टी. एच. ए. आर.

जुळारी उठला, गुडघ्यांवर बसला आणि टेबलाखाली शिरला. मागच्या फळीपर्यंत हात नेला. कोठाराची डबी गार होती. चालू डिस्क कधी गार नसते. त्याने वायर चाचपली. दुसरं टोक भिंतीपाशी मोकळं लोंबत होतं, त्यावर धूळ होती.

"ही वायर कुणी काढली?"

प्रश्न साधा होता. पण त्यात तो जुना आवाज आला, राग येण्याआधी त्याचा निरोप घेऊन येणारा.

"मी," बायको म्हणाली.

आणि मग तिने एका दमात सगळं सांगितलं. त्या डबीला पुढच्या बाजूला एक निळा दिवा होता. मोठा नव्हे, मसुराएवढा, पण धारदार. खाट बरोबर समोर. तो रात्रभर लुकलुकायचा, आणि दोनच्या सुमाराला नक्कल सुरू झाली की पिसाळायचा. सगळं छत निळं होऊन फडफडायचं. कूस बदलली तरी भिंतीवर. डोळे मिटले तरी पापण्यांतून आत. पहिल्या महिन्यात तिने त्यावर फडकं टाकलं. ते फडकं जुळाऱ्याच्या हाताला लागलं होतं, आणि त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. डिस्क तापते, जळाली तर तुझा बाप भरून देणार आहे का, कशात हात घालू नये एवढीही अक्कल नाही. असं बरंच.

जुळाऱ्याला ते आठवलं. शब्द न् शब्द आठवला.

मग तिने फडकं काढलं आणि तीन वर्षं चादर तोंडावर घेऊन काढली. दोन महिन्यांपूर्वी ताप आला होता, त्या रात्री सहन झालं नाही म्हणून वायर ओढली. सकाळी लावायची होती, विसरली. दुसऱ्या दिवशी आठवलं, पण पडसेभावजी व्यवस्थित बोलत होते. कुणाचंच काही अडलं नव्हतं. मग नाहीच लावली. पण त्याला कळेल या धास्तीने झोप आली नाही ती नाहीच, आणि तोंडावरची चादरही सुटली नाही.

"आज तुम्ही त्याला म्हणालात, पुसा, नक्कल आहे," ती म्हणाली. "तेव्हापासून तीच भांडी दोनदा लावलीत मी. नक्कल तिच्यातच जाते ना? दोन महिन्यांचं नसेल तिच्यात."

नव्हतंच. मज्जातंतूंचं एक अक्षर कोठारात नव्हतं. उद्या दहाला तो बुटवाला येऊन जगातली एकुलती एक प्रत पुसणार होता, आणि त्याला या म्हणणारा जुळारीच होता. तो तसाच टेबलाखाली बसून राहिला.

"मला सांगायचं नाही का?" तो म्हणाला. आता आवाजात निरोपबिरोप काही उरला नव्हता.

ती म्हणाली, "तुम्हाला काय सांगायचं? उजेडाचा त्रास होतो म्हणून?"

जुळाऱ्याने वायरच्या टोकावरची धूळ अंगठ्याने पुसली. आंधळ्याच्या घरात अंधार असतो असं जगाला वाटतं, आणि त्यावरून तो जगाला शिव्या देत आला होता. पण त्यालाही तसंच वाटायला लागलं होतं की. रात्री दिवा घालवल्याचा खटका ऐकू आला की त्याची खोली अंधारी व्हायची. तिची व्हायची नाही, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. सकाळी ती पेंगत चहा करायची, साखर दोनदा पडायची, आणि तो म्हणायचा, वय झालं तुझं.

दोषाचंच म्हणायचं तर तोही निम्मा त्याचा होता. कुठल्या डिस्का कुठे लावायच्या याची यादी कॉम्प्युटर उठताना वाचतो. त्या यादीत कोठाराची ओळ त्यानेच लिहिली होती. डिस्क मिळाली नाही तरी चालेल, असं सांगणारा एक शब्द त्या ओळीत घालता येतो. तो त्याने घातला नव्हता. मिळणार नाही कशी, माझ्या घरात माझी डिस्क? म्हणून कॉम्प्युटरने दीड मिनिट वाट पाहिली आणि मग हट्टाला पेटल्यासारखं पुढे एक पाऊल टाकलं नाही. बिचाऱ्या नव्या गाभ्याचा काही संबंध नव्हता.

त्याने वायर लावली. डबी हाताखाली थरथरली.

"लागला बघ तुझा निळा," तो म्हणाला.

"लागला," ती म्हणाली.

बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला, पुन्हा चालू केला. टुंई. या वेळी आकडे तिने मोजले, मोठ्याने. सत्तेचाळीसवर पडसेभावजींनी नाकातून सांगितलं की स्क्रीन वाचक सुरू झाला आहे. बायकोने खुर्चीची पाठ धरली, आणि लाकूड करकरलं.

जुळाऱ्याने आधी प्रकरणं उघडून पाहिली. तिन्ही होती. मग ती यादी उघडली आणि कोठाराच्या ओळीत तो एक शब्द घातला. ती विचारत होती काय लिहिताय. असली तर घे, नसली तर तिच्याविना ऊठ, असं सांगतोय त्याला, तो म्हणाला. मग नकलेची वेळ रात्री दोनवरून दुपारी एकची केली. स्वतः वाकून वायर काढली आणि तिच्या हातात दिली.

"दुपारी लावायची. नक्कल झाली की काढायची. आता हे खातं तुझं."

"आणि विसरले तर?"

"विसर. उठेल तो."

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "आणखी काय काय आहे या खोलीत, जे मला माहीत नाही?"

ती विचार करायला लागली. खिडकीच्या वर ओल आलीये म्हणाली, बसलेल्या म्हशीसारखी दिसते. कॅलेंडर मागच्या वर्षीचं आहे. आणि तुमचा तो पांढरा शर्ट, जो तुम्ही ठेवणीतला म्हणून बाहेर जाताना घालता, तो कधीच पांढरा राहिलेला नाही.

"आणि तू मला तो घालून जाऊ देतेस?"

"कुणाला सांगणार? तुम्ही फडक्यावरून एवढे ओरडलात."

सकाळी साडेनवाला जुळाऱ्याने दुकानवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. काय झालं होतं, असं त्याने विचारलं. ते पडद्यावर लिहिलेलं होतं, जुळारी म्हणाला, आणि फोन ठेवला.

मग ठिपक्यांचं यंत्र सुरू झालं. हे यंत्र म्हणजे शंभर हातोड्यांचं लग्न. चालू असलं की शेजारी खिडक्या लावून घेतात. बायकोचं काम असायचं कागदाच्या कडा फाडायचं, पानं लावायचं, दोऱ्याने बांधायचं. पहिलं प्रकरण तिने बांधलं. दुसऱ्याच्या मध्येच तिचे हात थांबले. जुळाऱ्याने हाक मारली, ओ आली नाही. तो चाचपत खाटेपर्यंत गेला. ती आडवी झाली होती, अंगठ्याला दोरा गुंडाळलेला तसाच. चादर पायथ्याशी होती, तोंडावर नव्हती. त्याने दोरा सोडवून घेतला आणि पानं स्वतः लावायला बसला. पानांच्या कोपऱ्यातले आकडे बोटांनी वाचत, एकेक.

दुसरं प्रकरण संपून यंत्र थांबलं तेव्हा डॉक्टरीणबाईचा फोन आला. तिला सकाळीच निरोप गेला होता, पण तिचा विश्वास बसत नव्हता. दोन बांधून झाली, तिसरं लावतोय, उद्याचं टपाल पक्कं, असं त्याने सांगितल्यावर ती पुष्कळ बोलायला लागली. काल 'बरं, काका' म्हणणारी हीच का, असं वाटावं इतकं. कालचा मऊपणा कुठल्या कुठे गेला होता. मानेच्या नसांचं प्रकरण आधी का नाही लावलं म्हणून तिने त्याला झापलंसुद्धा. जुळारी मजेत ऐकत राहिला.

मध्येच ती थांबली. "काका, घोरतंय कोण?"

"काकू."

"दिवसा?"

"हो," जुळारी हळू आवाजात म्हणाला. "बरीच साचली होती झोप. मी आता यंत्र लावतो, तू फोन ठेव."

त्याने कागद भरला, कडा सारख्या केल्या आणि कळ दाबण्यापूर्वी क्षणभर कान दिला. मग दाबली. शंभर हातोडे एकदम सुरू झाले, खिडकीची काच थरथरली. एवढ्या गदारोळात तिचं घोरणं ऐकू येणं शक्य नव्हतं. म्हणून त्याने एक हात पानांवर ठेवला आणि दुसरा मागे खाटेच्या काठावर, जिथून ते हाताला कळत होतं.